इस्टेशन आणि हातचा चहा

पुण्यात एक वर्ष राहून आल्यावर माझ्या लक्षात आलं, की आमच्या पुंडलिकनगरच्या घरात माझ्याखेरीज कुणालाच इंग्रजी येत नाही. (मलाही येत नव्हतं; पण उच्चार येत होते!) आई इस्टुलावर चढायची, दादा, म्हणजे आमचे वडील, हापिसात जायचे आणि ताई बिस्कुट खायची. सगळं सुखानं चाललं होतं.

तेवढ्यात ताईला बघायला वाळूजच्या कंपनीतला एक इंजिनिअर येणार असं ठरलं. आधीच्या मुलांचे फोटो ताईनं टेबलावर पालथे घातले होते. ह्याचा मात्र उशीखाली ठेवला. म्हणजे स्थळ हातचं जाऊन चालणार नव्हतं. इंजिनिअरच्या घरचे लोक उच्चारांना पक्के असणार, हे मी परस्पर ठरवलं आणि घरात नियम केला: जो चुकेल, त्याच्या हातातला चहाचा कप तिथल्या तिथं काढून घ्यायचा.

"आई, इस्टूल नाही. स्टूल!"

"तेच म्हणलं की. इस्टूल."

कप गेला!

"आरं, माझ्या हापिसाचा टायम झाला, चहा आण!" दादा ओरडले. (एका वाक्यात दोन चुका! संध्याकाळचाही चहा गेला.)

आठवडाभरात घरातल्या चुका साफ थांबल्या. कारण घरातलं बोलणंच थांबलं.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि वडील. वडील पैठणकडचे शेतकरी, पांढरंशुभ्र धोतर, भरघोस मिशा.

"काय करता आपण?" त्यांनी दादांना विचारलं.

"सकाळी जातो. संध्याकाळी येतो."

"कुठं?"

"तिकडं," दादा म्हणाले आणि घाम पुसला.

आई तर नुसती मान हलवत होती. शेवटी मुलाच्या आईनं हळूच विचारलं, "घरात काही झालंय का हो?" ताईचा चेहरा उतरला.

मुलाच्या वडिलांनी चहाचा कप उचलला आणि विषय बदलला. "तुमचं घर काय गवसंना बगा. इस्टेशनवरून रिक्षा केली, तर—"

"स्टेशन," मी म्हणालो, आणि त्यांच्या हातातला कप काढून घेतला.

दादांनी डोळे मिटून घेतले. मुलाकडचे उठायच्या बेतात असताना, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असं बजावलेली ताई उभी राहिली.

"काका, रागावू नका. हा माझा भाऊ. इंग्रजी शब्द चुकला की हा चहा काढून घेतो. आठवडा झाला, भीतीनं घरात कुणी तोंडच उघडत नाही. दादा हापिसात जातात, पण तुमच्यासमोर सांगायला घाबरले."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "असं व्हय! मला वाटलं, आमचं येणंच पसंत नाय." मग मिशा थरथरेपर्यंत हसले. "पोरगी पसंत हाय. ह्याच्यासंगं राहून बी शाणी राह्यली, लई धीराची हाय!"

ताई पहिल्यांदा हसली. मला इतकं हायसं वाटलं, की 'पसंत'चा उच्चारही मी तपासला नाही.

लग्नात कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा आणि मानाचा आहेर घ्यायचा. मी ऐटीत हात पुढं केला.

"थांबा!" नवऱ्याचे वडील म्हणाले. "हितं पद्धत उलटी हाय. नवऱ्यानं भावाचा पिळायचा."

एवढ्या भरल्या मांडवात माझ्या बाजूनं कुणी बोलेल म्हणून मी आशेनं आईकडं पाहिलं.

"दोन्ही पिळा," आई म्हणाली.