जर्मन पद्धतीची निवडणूक, मुक्काम दोहा

दोह्यातल्या मराठी घराचा फ्रीजर कधी उघडून पाहिलाय? भारतातून येणारा प्रत्येक जण त्यात काहीतरी कोंबत असतो. ओलं खोबरं, खवा, पुरणाचे गोळे. एक डबा काढायला जावं तर चार अंगावर येतात! आमच्या शुक्रवारच्या कट्ट्याचे किस्से तसेच आहेत. एक सांगायला तोंड उघडते आणि मागचे सगळे घरंगळत बाहेर येतात. आज सांगतेय तेही हसण्यासारखेच आहेत. फक्त हे सांगताना माझी मान खाली जाते. आणि इंदूकाकूची मान सहसा खाली जात नाही, हे कतारमधला कुठलाही मराठी माणूस सांगेल.

मी सातवीपर्यंत शिकलेली. नंतरचं सगळं माझं मी वाचलं. इंग्रजीसुद्धा शब्दकोश मांडीवर घेऊन, पेपर वाचून शिकले. मुलाच्या नोकरीमुळे इथे दोह्याच्या अल मुंतझा भागात आले, आणि दर शुक्रवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये कट्टा भरायला लागला. पोहे माझी सून गौरी करते. वाद मी घालते.

*

सुरुवात हाइकेपासून झाली. हाइके आमच्या खालच्या मजल्यावर राहते. जर्मन बाई, शाळेत शिकवते. मला नुसतं 'इंदू' म्हणणारी या जगात आता ती एकटीच उरलीय.

एका शुक्रवारी ती पोहे खायला वर आली. तिच्या देशात निवडणूक होती, त्यामुळे डोक्यात तेच. तिने सगळ्यांना सहज विचारलं, "तुमचा मतदारसंघ कोणता?"

कट्ट्यावर सगळे इंजिनियर. गॅसवाले, ऑइलवाले, आयटीवाले. सगळ्यांनी पोह्यांत डोकं घातलं!

आमच्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष साठेसाहेब म्हणाले, "कोथरूड." मी म्हटलं, "ते विधानसभेचं झालं. ती लोकसभेचं विचारतेय." तर म्हणाले, "कोथरूडला लोकसभा नाहीये?"

एकाने भारतात आईला फोन लावला. आणि माझी नात रेवा, जिला मराठी सगळं कळतं पण उत्तर मराठीत देता येत नाही, ती सोफ्यावरून म्हणाली, "आजी, डू वी इव्हन हॅव वन?"

हाइकेने आणखी थोडे पोहे वाढून घेतले. सभ्य बाई!

*

मला ते लागलं. म्हटलं, या बाईला तिच्या मतदारसंघाबद्दल एवढं काय माहितीय ते बघू तरी. तिच्याकडून ऐकलं, नेटवर वाचलं, भाषांतर करून करून डोळे दुखले. आणि पुढच्या शुक्रवारी कट्ट्यावर भाषणच दिलं.

युद्धानंतर त्यांच्या नव्या देशाचे मतदारसंघ कसे आखले. लोकवस्ती वाढली की हद्दी कशा हलवतात. हाइकेचं गाव आधी शेजारच्या शहराला जोडलेलं होतं, मग तिथून काढून दुसऱ्याला लावलं, मग मतदारसंघाचा नंबरच बदलला. गाव जागेवरच राहिलं आणि मतदारसंघ त्याच्या अंगावरून ये-जा करत राहिले! वर्षानुवर्षं एकाच पक्षाचा माणूस निवडून यायचा, तरी दर वेळी तो गावच्या बाजारात उभा राहून शिव्या खायचा. हाइके म्हणते, तेच त्याचं मुख्य काम.

मी रंगात आले होते. शेवटी विचारलं, "काही शंका?"

साठेसाहेबांनी हात वर केला.

"काकू, तिथे मराठी माणसं किती आहेत?"

*

हाइकेची मतपत्रिका पोस्टाने यायची होती. इथे घरी पोस्टमन येत नाही, सगळं पोस्ट बॉक्सवर. ती रोज शाळेच्या ऑफिसात विचारायची, आणि तिथला क्लार्क रोज तेवढ्याच प्रेमाने म्हणायचा, "इन्शाल्ला, मॅडम."

निवडणूक झाली. निकाल लागला. सरकार कोणाचं, यावर टीव्हीवर भांडणं सुरू झाली. आणि मग पाकीट आलं!

ती ते घेऊन वर आली. माझ्या डायनिंग टेबलावर बसली, चष्मा लावला, आणि दोन्ही फुल्या नीट मारल्या. त्यांना दोन मतं असतात. एक आपल्या भागातल्या माणसाला, एक पक्षाला.

गौरी म्हणाली, "पण हाइके, आता काय उपयोग? खलास झालं ना!"

हाइके म्हणाली, "मत दिल्याशिवाय पुढची चार वर्षं चिडायचं कसं?"

गौरीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. लग्नापासून ती आमच्या आमदारावर चिडतेय. मत एकदाही दिलेलं नाही.

*

आणि निकाल काय लागला? हाइकेच्या मतदारसंघात एक माणूस सगळ्यात जास्त मतं घेऊन पहिला आला. आणि घरी बसला!

कारण नवा नियम. भागात पहिलं येऊन भागत नाही. त्याच्या पक्षाला दुसरी मतं पुरेशी मिळाली असतील, तरच त्याला संसदेत जागा. त्याच्या पक्षाची मतं कमी पडली. मग पहिला आलेला राहिला बाहेर, आणि हाइकेच्या भागातून संसदेत कुणीच नाही.

हाइके इतकी संतापली होती की तिचा चहा गार झाला. मी म्हटलं, "तुझा माणूस होता का?"

"माझा? मी त्याला मत दिलंच नव्हतं! मला तो माणूस आवडतच नाही!"

"मग?"

"इंदू, पण तो आमचा होता ना!"

हे मी कट्ट्यावर तिखटमीठ लावून सांगितलं. सगळे हसले. साठेसाहेब मात्र हसले नाहीत. आजवर माझं बोलणं सुरू झालं की मोबाईलमध्ये डोकं घालणारा हा माणूस सरसावून बसला.

"काकू," ते म्हणाले, "तो नियम जरा परत सांगा."

मला वाटलं, चला, कुणीतरी ऐकतंय! मी परत सांगितला. उदाहरणासकट.

*

आता बालाजीबद्दल सांगायला हवं. बालाजी लातूरकडचा. हमद पोर्टवर कंटेनर यार्डात काँट्रॅक्टवर आहे. त्याच्यासारखी आपली बरीच मुलं तिकडे कंपनीच्या कँपात राहतात. बायका-मुलं गावाकडे, म्हणून इथल्या भाषेत हे सगळे 'बॅचलर'. बालाजीला दोन मुली आहेत, तरी तो बॅचलर!

आमच्या मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम 'फॅमिली फर्स्ट' असतो. आधी फॅमिलीला पास, उरले तर बॅचलरना. उरत कधीच नाहीत. दिवाळीच्या दिवशी ही मुलं कँपात मोबाईलवर आमच्या रांगोळीचे फोटो बघतात.

बालाजी एकदा कट्ट्यावर येऊन साठेसाहेबांना म्हणाला, "काका, कमिटीत आमचा एक माणूस घ्या की. पासचं तिथंच बोलता येईल. हितं हात जोडून किती दिवस मागायचं?"

कमिटी तोवर साठेसाहेबांच्या मदिनत खलीफातल्या व्हिलात, जेवणानंतर, आइस्क्रीमबरोबर ठरायची. पण बालाजी सगळ्यांसमोर बोलला होता. मीही टेबलावर हात आपटला, "या वर्षी निवडणूक घ्याच!"

साठेसाहेब म्हणाले, "घेऊ की. आणि काकूंच्या जर्मन पद्धतीने घेऊ!"

मी फुगले. खोटं कशाला बोलू?

*

दोह्याचे तीन मतदारसंघ पाडले. मुंतझा, मदिनत खलीफा आणि पोर्ट. प्रत्येकाला दोन मतं. एक आपल्या भागातल्या माणसाला, एक पॅनेलला. पॅनेल एकच होतं, साठेसाहेबांचं. बालाजी एकटाच उभा राहिला. पॅनेल कुठून आणणार?

पोर्टची मुलं शिफ्ट संपवून, अंगावरची केशरी जॅकेटं न काढता मत द्यायला आली. त्यांच्या भागातली झाडून सगळी मतं बालाजीला! कुणीतरी शिट्टीही मारली.

साठेसाहेबांनी माइक हातात घेतला. "पोर्टमधून बालाजी निवडून आलेत. अभिनंदन! पण त्यांच्यामागे पॅनेलची मतं नसल्यामुळे त्यांना कमिटीत बसता येणार नाही. जर्मन पद्धत आहे! ही आपल्याला समजावून सांगितल्याबद्दल इंदूकाकूंसाठी जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या हो! सगळ्यात पुढे बसलेल्यांनी वाजवल्या. मी उभी होते, आणि मला बसायला जागा सापडेना.

बालाजी माझ्याकडे बघून हसला. "काकू, लई लांबून आणला की नियम."

*

दुसऱ्या दिवशी मी हाइकेला हे सांगितलं. तिने कपाळाला हात लावला.

"इंदू, तो नियम पक्षाच्या उमेदवारांना आहे! जो एकटा उभा राहतो, ज्याला पक्षच नाही, तो पहिला आला तर त्याला जागा मिळतेच. कायद्यात तसं लिहिलंय. तू पुढचं वाचलं नाहीस?"

नव्हतं वाचलं. जेवढं सांगायला मजा येईल तेवढं वाचून मी थांबले होते. दुसऱ्यांच्या अर्धवट वाचनावर जन्मभर तोंडसुख घेणारी मी!

तसाच फोन लावला साठेसाहेबांना. म्हटलं, "चुकलंय. बालाजीची जागा आहे. जर्मन पद्धतीनेच आहे!"

पलीकडून पोरांचा, कुकरचा आवाज येत होता. साठेसाहेब अगदी गोड आवाजात म्हणाले, "काकू, निकाल लागलाय. आता जर्मनी कशाला मध्ये आणायची?"

*

मग त्यांनी कहर केला. पोर्टची जागा रिकामी दिसते, बरं दिसत नाही, म्हणून तिथे मलाच नेमलं! "पोर्टच्या प्रतिनिधी, ज्येष्ठ सदस्या, इंदूकाकू." मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फुलांचे गुच्छ, हात जोडलेले, काय काय.

मी पोर्ट पाहिलेलंसुद्धा नव्हतं. त्या शुक्रवारी मुलाला म्हटलं, "गाडी काढ. यल्ला, चल!" कँपात गेले. बालाजीने पलंगावरची चादर झटकून मला बसवलं. चौघांनी मिळून एका शेगडीवर चहा केला. मी सांगून टाकलं, "मी नकार देते. ही जागा तुझी आहे."

"नका देऊ काकू," तो म्हणाला. "तुमी नकार दिलाव तर साठेकाका अजून कुणाला तरी आणतील मदिनत खलीफातून. तुमी बसा. फक्त पासचं तेवढं बघा. पोरं इचारायलीत."

मी म्हटलं, "बघते."

कँपातल्या त्या चहात साखर भरपूर होती. तरी मी अर्धा कप तसाच ठेवून उठले.

*

मी बघितलं. कमिटीत पासचा विषय काढला. भांडले, ओरडले, साठेसाहेबांना 'आइस्क्रीम पार्लमेंट' म्हटलं. मतदान झालं. माझं एक मत बाजूने, बाकी सगळी विरोधात. चहा आला.

तेव्हापासून प्रत्येक मीटिंगमध्ये, प्रत्येक ठरावाला साठेसाहेब शिष्टाचार म्हणून विचारायचे, "पोर्टचं मत?" आणि मी म्हणायचे, "पोर्ट गैरहजर."

"काकू, तुम्ही समोर बसलाय!"

"मी मुंतझाची आहे. पोर्ट गैरहजर. लिहून घ्या."

दिवाळीच्या कार्यक्रमाच्या दिवशी भाड्याने घेतलेल्या हॉलच्या वरच्या गॅलरीत कमिटीची शेवटची मीटिंग होती. अजून पाहुणे यायचे होते. विषय एकच. फॅमिलींचं जेवण उरकल्यावर जागा राहिली, तर बॅचलरना आत घ्यायचं का. साठेसाहेब रेशमी कुर्त्यात होते, घाईत होते. गौरीसुद्धा खाली रांगोळी काढता काढता वर कान लावून बसली होती.

सगळ्यांची मतं झाली. मग माझ्याकडे न बघताच, पेन टेकवून ते म्हणाले, "पोर्ट गैरहजर. पुढे..."

"थांबा," मी म्हटलं. "आज पोर्ट हजर आहे."

"कुठे?"

"खाली. सकाळपासून खुर्च्या लावतंय. तुम्हीच बोलावलंत ना खुर्च्यांचा ट्रक घेऊन? विचारा त्यालाच."

साठेसाहेब उठले, कठड्यापाशी गेले, खाली वाकले. त्यांनी हाक मारायच्या आतच बालाजीने वर पाहिलं. घाम पुसत, खणखणीत आवाजात तो म्हणाला,

"काका, फॅमिलीच्या लावून झाल्या. आमच्या कुठं लावू?"