आईच्या खोलीच्या भिंती

सापगावहून जीप निघाली तेव्हा माझी बॅग पुढच्या सीटवर होती आणि मागे मी, भाऊ आणि आई. दोन हजार दोन साल होतं. लेस्टरच्या एका इस्पितळात मला नर्सची नोकरी लागली होती. वडील जाऊन वर्ष झालं होतं. आई शहापूरच्या नाक्यावर उतरली, विमानतळापर्यंत आलीच नाही. खिडकीशी येऊन एवढंच म्हणाली, "मागं वळून बगू नको, गाडी लागंल तुला."

चार वर्षांनी मी आणि माझा नवरा प्रकाश, आम्ही तिथं एक जुनं घर घेतलं, विटांचं, अरुंद. वरची मागची खोली मी मनातल्या मनात आईला देऊन टाकली होती. त्या उन्हाळ्यात ती आली, आणि तिला इथंच ठेवून घ्यायचं मी ठरवून टाकलं. तिला मात्र विचारलं नाही.

त्या खोलीला वॉलपेपर होता. वरचा फुलांचा, खाली पट्ट्यांचा, त्याखाली आणखी एक. मला वाटलं होतं, शनिवारी कागद काढू, रविवारी रंग लावू. वाफेचं मशीन भाड्याने आणलं. कागद निघाला, पण त्याच्याबरोबर गिलाव्याचे पोपडेही निघाले. भिंतीला देवी आल्यासारखं दिसत होतं. मी पायरीवर जाऊन बसले. ड्यूटी, आमची लहानगी चिमी, घराचे हप्ते, आणि त्यात ही भिंत.

आईने पदर खोचला. बोटाच्या पेराने भिंत वाजवत चालली. जिथं पोकळ वाजलं तिथं मी खरवडायचं, असं ठरलं. दुकानदाराने मला सांगितलं होतं की कागद चिकटवलेली जुनी खळ गरम पाण्याने पुसून काढा, नाहीतर रंग फुगतो. ते काम आईने घेतलं. मग खड्ड्यांत पुट्टी भरली. खोल खड्डे मला एकदमच भरून टाकायचे होते.

"वाळू दे गो," आई म्हणायची. "वल्यावर वलं बसत नाय."

मी ड्यूटीवरून यायचे तर ती पॉलिश पेपर घेऊन घासत असायची, भुवयांवर पांढरी धूळ. इतक्या वर्षांत आम्ही इतका वेळ एका खोलीत नव्हतो. वडिलांच्या शेवटच्या दिवसांबद्दल ती त्या भिंतीकडे तोंड करूनच बोलली. शेवटी पातळ केलेल्या रंगाचा पहिला हात भिंतीने पिऊन टाकला, त्यावर दोन हात फिक्या पिवळ्याचे.

खोली तयार झाल्यावर सकाळी चहा घेताना मी म्हटलं, "आई, ही तुझी खोली. आता इथंच राहा."

तिने बशी खाली ठेवली. "चिमीला दे ती. मी हितं नाय राहनार. माझ्या भिती दिवाळीच्या आधी सारवायला व्हव्यात. आनि हितं मला हाक कोन मारनार?"

मला राग आला. "मग इतके दिवस कुणासाठी घासत होतीस?"

"तुझ्यासाठी. तू एकटीनं केलं असतंस तर रडत केलं असतंस."

ती सापगावला परत गेली. चिमी त्या खोलीत झोपू लागली. बरेच दिवस मी तिथं फक्त कपडे ठेवायला जायचे.

दोन वर्षांनी सुट्टीत सापगावला गेले. भावाने जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं होतं. मोरीच्या बाजूच्या भिंतीला ओल येऊन रंगाचे पापुद्रे सुटले होते, आणि आई ब्रश घेऊन त्यांच्यावरच रंग फासत होती. कच्ची भिंत सारवण्यात तिचा जन्म गेला, पण रंगाची भिंत तिने एकदाच केली होती, लेस्टरला, आणि तिथं खरवडायचं काम माझ्याकडे होतं.

मी तिचा हात धरला. "थांब आई. आधी खरवडावं लागतं. आपल्या घरी असं नाही करत."

बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. जन्म झाला त्या अंगणात उभी राहून मी 'आपलं घर' म्हणाले होते ते लेस्टरला. वाटलं, आईला लागलं असेल.

आईने ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि पत्र्याचा एक तुकडा शोधून माझ्या हातात दिला.

"मंग आपल्या घरी कसं केलेलं," ती म्हणाली, "तसं कर."