खोक्यावर छापलेला वेग

मंडळी, आज कशातच मन लागत नाहीये. लिहूनच टाकतो.

आमचे शेजारी शॉनकाका इथे आयर्लंडमध्ये, पोर्टलीश गावाजवळ शेती करतात. हरणं रोपं खातात म्हणून त्यांच्याकडे लायसन्सची रायफल आहे. नेमबाजीची रेंज लॉकडाऊनमुळे बंद, त्यामुळे लांबून गोळी मारून पाहायची सोय नव्हती. मीच म्हटलं, "काका, किती अंतरावर गोळी किती खाली येते, ते मी एक्सेलमध्ये काढून देतो." काडतुसांच्या खोक्यावर छापलेला गोळीचा वेग घेतला, तक्ता लॅमिनेट करून दिला. केवढा मिरवलो होतो!

आज सकाळी त्यांनी दोनशे मीटरवरून एका हरिणीवर तक्त्याप्रमाणे नेम धरला. गोळी खाली लागली. हरिणी तीन पायांवर झाडीत पळाली.

त्यांच्या रायफलची नळी आखूड आहे. तिच्यातून गोळी तेवढ्या वेगाने निघतच नाही. मी विचारलंच नव्हतं.

चार तास आम्ही रक्ताचे थेंब शोधत फिरलो. ओढ्यापाशी तेही संपले.

मी सॉरी म्हटलं. काका म्हणाले, "ज्या अंतरावर स्वतः गोळी मारून पाहिली नाही, तिथे जनावरावर मारायची नाही, हा माझा चाळीस वर्षांचा नियम. आज मोडला. तू इंजिनियर आहेस ना, म्हणून."

बाहेर आता पाऊस लागलाय. ती कुठे बसली असेल हो?