दुष्काळात ठिसूळ झालेले पोलाद

बाळांनो, आजी कारखान्यात नेमके काय करायची, असे तुम्ही फोनवर विचारता. एका तपासणीची हकिगत सांगते.

ते दुष्काळाचे वर्ष होते. शहर वेशीवरच्या पडेगावच्याही पुढे पसरत होते आणि नळाला आठ-आठ दिवस पाणी नसे. आमच्याकडे बोअर पाडणाऱ्या यंत्रांचे पोलादी दांडे बनत. मी प्रयोगशाळेत होते. कडक केलेले दांडे शेवटी पुन्हा तापवायचे आणि लगेच पाण्यात बुडवायचे, ही रीत. टँकर येईनासे झाले, तेव्हा भट्टीवरच्या चाचांनी बुडवणे बंद केले. दांडे भट्टीतच सावकाश निवू लागले. पाणी वाचवले म्हणून साहेबांनी चाचांची पाठ थोपटली.

मग झुलता हातोडा आदळून पाहायच्या चाचणीत नमुने काचेसारखे तुटू लागले. तेच साहेब म्हणाले, "माल भंगारात, आणि चाचा घरी!"

मी तुटलेला तुकडा भिंगाखाली धरला. खडीसाखरेसारखे खडे चमकत होते. पोलाद बारीक दाण्यांचे असते. तडा दाणे फोडून नव्हे, त्यांच्या सांध्यांतून गेला होता. कारण उमगले. पोलादात थोडा फॉस्फरस असतोच. दाण्याच्या आत त्याचे अणू अवघडून बसतात, सांध्यात त्यांना ऐसपैस जागा मिळते. सावकाश निवताना तिथे जमायला त्यांना वेळ मिळाला आणि सांधे कच्चे झाले. पण पुन्हा चांगले तापवले की ते अणू पांगतात, आणि झटकन थंड केले की परत जमू शकत नाहीत. म्हणजे माल वाचणार होता!

"चाचा, पाणी पाहिजे."

"मॅडम, इथं प्यायला नाय, अन् लोखंडाला पाजू?"

"कँटीनचं भांडी धुतलेलं चालेल."

"या अल्लाह! दांड्याला वरणाचा वास येईल की!"

तरी त्यांनी पिंप भरून आणले. आम्ही नमुने तापवले, बुडवले. साहेब हाताची घडी घालून उभे.

"बाई, पुस्तकात वाचलंत का हे?"

"हो. आता तुम्ही बघा."

हातोडा सुटला. नमुना वाकला, तुटला नाही. दुसराही नाही, तिसराही नाही! भट्टीवरची सगळी माणसे ओरडली आणि मीही त्यांच्यात ओरडले.

चाचांनी वाकलेला तुकडा साहेबांच्या हातात दिला. "बघा नीट. मी उद्या येऊ का नको?"

साहेबांनी तो उलटसुलट पाहिला.

"लवकर या," ते म्हणाले. "सगळा माल परत तापवायचाय. आणि बाई सांगतील तसंच करायचं."