नंबर चारचा श्वास

आधीच सांगून टाकते, माझ्या धाकट्या जावेवर मी जळते. लोकांनी पाठीमागे बोलण्यापेक्षा आपलं आपण बोललेलं बरं.

ती ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर बसते. कपडा हातात घेतला की डाग कशाचा ते लगेच सांगते. चहाचा, शाईचा, औषधाचा. आणि बोलते अशी गोड की फाटका कोट घेऊन आलेला माणूससुद्धा हसत बाहेर पडतो. मी सव्वीस वर्षं हॉस्पिटलात ऑपरेशनच्या संमतिपत्रांवर सह्या घेते. माझ्याशी बोलून अजून कुणी हसत गेलेलं नाही.

त्या दुकानात एका टीव्ही मालिकेचे कपडे धुवायला यायचे. मालिकेत एक शास्त्रज्ञ आहे. तो साध्यासुध्या माणसांना इंजेक्शनं देतो आणि श्वासाशिवाय पाण्याखाली जगायला लावतो. बारा माणसं, बारा काचेच्या टाक्या. एकदा चार नंबरच्या चंदेरी झग्याचं बटण नीट लागतंय का ते बघायला आमच्या जाऊबाईंनी तो झगा अंगात घातला, आणि नेमकी तेव्हाच मालिकेची कपडेवाली दुकानात शिरली. म्हणाली, "हलू नका. अशाच उभ्या राहा." झालं! पंधरा दिवसांत जाऊबाई टीव्हीवर.

पहिल्या भागात तिने केलं काय? संमतिपत्रावर सही. तीन सेकंद. सासूबाईंनी शेजारच्या तिघींना बोलावून ते तीन सेकंद दाखवले. "ती बघा, डावीकडून चौथी, आमची." तेव्हापासून घरात तिचं नावच पडलं, नंबर चार. मी रोज तीस-चाळीस खऱ्या सह्या घेऊन येते, मला कुणी कधी "दमलीस का गं?" एवढंही विचारत नाही.

मी म्हटलं, "हे चुकीचं दाखवलंय. धोके वाचून दाखवल्याशिवाय सही घेताच येत नाही."

"अहो वहिनी, मालिका आहे ती," दीर म्हणाले. "आणि माणसाची ताकद वाढवायची तर कुणीतरी जीव धोक्यात घालायलाच हवा."

"मग शास्त्रज्ञाने स्वतःचा घालावा."

"त्याला काही झालं तर प्रयोग कोण करणार?"

"आणि नंबर चारला झालं तर?"

"नंबर पाच आहे ना!"

सगळे खो खो हसले. नंबर चारसुद्धा. मी उठून भांडी घासायला गेले.

आता मी तरी कुठली धुतल्या तांदळासारखी? कागद हलू नये म्हणून मी त्यावर डावा अंगठा दाबून धरते. तो बरोबर धोक्यांच्या यादीवर पडतो. पहिल्यांदा चुकून पडला, मग सवय झाली. यादी वाचली की लोक घाबरतात, उद्या येतो म्हणतात, आणि डॉक्टर माझ्यावर खेकसतात. अंगठा ठेवला की सही पटकन होते. मी हे घरात कधी बोलले नाही.

एका रविवारी जाऊ कागद घेऊन स्वयंपाकघरात आली. "ताई, तुम्हाला कागदातलं कळतं. जरा नजर टाका ना."

पुढच्या भागात नंबर चारला खरोखरच टाकीत उतरायचं होतं. पाण्याखाली, झाकण बंद, चाळीस सेकंद. प्रयोग यशस्वी होणारी पहिली बाई तीच. पुढे तिला संवादही मिळणार होते. स्टुडिओतल्या लोकांनी तिला पार हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं. मी वाचत गेले. अकराव्या ओळीत छापलेलं, "श्वासाचा काही विकार आहे का?" समोर तिच्या अक्षरात, "नाही."

तिला दमा आहे. हे घरात फक्त मला ठाऊक होतं. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात मी तिला आमच्या हॉस्पिटलात छातीच्या डॉक्टरांच्या रांगेत बघितलं. तिने माझे दोन्ही हात धरले. "ताई, घरी नका सांगू. लग्नाआधी सांगितलेलं नाही." आठ वर्षं मी नाही सांगितलं. तिचा पंप चष्म्याच्या घरात असतो, आणि चष्मा तिला नाहीच. नवऱ्याला वाटतं, हिला धुळीचं वावडं आहे.

"अगं, हे खोटं लिहिलंयस."

"चाळीसच सेकंद, ताई. मी बादलीत तोंड बुडवून सराव करतेय."

"किती होतात?"

"होतील."

"किती होतात ते विचारलं."

ती ओटा पुसायला लागली. मग म्हणाली, "पहिल्यांदाच कुणीतरी मला बघतंय. तुम्हाला बघवत नाही का?"

ते वर्मी लागलं, कारण खरं होतं. मी कागद तिच्या हातात दिला आणि बाहेर आले.

दोन दिवस माझं इकडे आड तिकडे विहीर. सांगावं तर सगळे म्हणणार, जळकी मेली. न सांगावं तर आत बाई गुदमरणार, आणि मी चांगली जाऊ म्हणून मिरवणार. मालिकेतला तो शास्त्रज्ञ धोक्यांबद्दल निदान विज्ञानासाठी गप्प बसला होता. आणि आणखी एक. तिला दमा नसता तरी तिने त्या टाकीत उतरू नये असंच मला वाटलं असतं. हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून पाय निघत नव्हता.

मंगळवारी सकाळी कामावर न जाता मी स्टुडिओ गाठला. टाकी भरत होती. चंदेरी झगा घालून जाऊ खुर्चीत बसली होती आणि एक मुलगी तिचे केस बांधत होती. कागदपत्रं बघणाऱ्या माणसाला मी सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "बाई, त्यांनी सही केलीय. आता जबाबदारी त्यांची."

हे वाक्य मी सव्वीस वर्षं वापरतेय. दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

जाऊ उठून आली. सगळ्यांसमोर म्हणाली, "ह्या माझ्या जाऊबाई. जळतात माझ्यावर. लक्ष नका देऊ."

"जळते," मी म्हटलं. "आणि हिला दमा आहे. पर्समध्ये चष्म्याचं घर आहे, उघडून बघा."

त्यांनी उघडलं. आत पंप होता. तिच्या अंगावरचा झगा उतरवून तिथल्या तिथे सात नंबरच्या बाईला चढवला.

घरी नुसता कल्लोळ. आठ वर्षं लपवलं म्हणून सासूबाई तिच्यावर चिडल्या आणि मग माझ्यावर. दीर म्हणाले, "वहिनी, तिचं एवढंसं सुख तुम्हाला खुपलं." जावेने माझ्याशी बोलणं टाकलं. ताटात वाढायची, पण मान वर करायची नाही.

तो भाग लागला तेव्हा सगळे समोर बसले. ती कोपऱ्यात, भिंतीला टेकून. पडद्यावर सात नंबरची बाई टाकीत उतरली, पाणी डोक्यावरून गेलं, झाकण लागलं. आणि मी बघितलं, जावेने ओठ घट्ट मिटले होते. तीही श्वास रोखून बसली होती. मी मनात मोजायला लागले. दहा. बारा. चौदाला तिचा श्वास सुटला. छातीतून दम्याची शिटी आली, आणि खोलीत सगळ्यांना ऐकू गेली. पडद्यावरची बाई अजून आतच होती. सव्वीस सेकंद बाकी होते. दीर पळत जाऊन पंप घेऊन आले. सासूबाई तिची पाठ चोळायला लागल्या.

पंप ओढून झाल्यावर तिने कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले. म्हणाली, "ताई..."

सगळे माझ्याकडे बघत होते, मी किती मोठ्या मनाची ते कळल्यासारखे.

खरं सांगू? माझी नजर टीव्हीवरच होती, आणि माझ्या मनात आधी आलं, बरं झालं, टीव्हीवर ही नाही, दुसरीच आहे. ही वाचली, हे त्यानंतर आलं.