मासायोकडे हसणारा नवरा

लाकडी पिंपं बांधणारा तोकुजी घरात फारसं बोलत नसे. भात हवा असला की वाडगा पुढे करी, नको असला की "हं" म्हणे. संध्याकाळी मात्र तो पुलापलीकडच्या मासायोच्या साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, दुकानात जाऊन बसे.

एक दिवस शेजारीण फुमी त्याची बायको किनुएला म्हणाली, "अगं, तुझा नवरा काय वल्ली आहे गं! काल मासायोकडे अस्वलाची नक्कल केली. आमचे हे हसून हसून आडवे झाले!"

किनुए हसली. मग घरी येऊन तिने स्वच्छ पातेलं पुन्हा खसाखसा घासलं. मासायो साठीची, घोगऱ्या आवाजाची, सोन्याच्या दाताची. ती देखणी असती तर रागाला निदान धड जागा तरी मिळाली असती.

शेवटी त्याचा घरी विसरलेला मफलर द्यायचं निमित्त करून ती तिथे गेली. दारावरच्या पडद्याबाहेरच तिला त्याचं हसू ऐकू आलं. इतक्या वर्षांच्या संसारात ते तिने कधी ऐकलं नव्हतं. ती आत शिरली आणि तोकुजीचा चेहरा मिटला.

"वहिनी, या ना, बसा!" म्हणत मासायोने त्याच्यासाठी सुरई उचलली. किनुएने ती तिच्या हातातून काढून घेतली आणि स्वतः त्याचा पेला भरला. तिथे आपला पेला आपण भरायचा नसतो, एकमेकांचा भरायचा असतो. आता तिचा पेला भरणं त्याला भाग होतं. सगळे बघत होते. त्याने भरला.

दोन-तीन पेले पोटात गेल्यावर किनुएची जीभ सुटली. "घरी हे असे असतात बरं का!" म्हणत तिने मान खाली घातली, वाडगा पुढे केला. "हं. भूकंप झाला तरी, हं!"

लोक टेबल बडवून हसले. "वहिनी, इतके दिवस कुठे लपला होतात?" मासायो डोळे पुसत म्हणाली. एकटा तोकुजी हसला नाही.

पुलावर तो म्हणाला, "मला कधी असं करून दाखवलं नाहीस."

"तुम्ही अस्वल दाखवलंत?"

दुसऱ्या दिवशी तो मासायोकडे गेलाच नाही. दोन पेले मांडून त्याने किनुएचा आधी भरला. "पी ना," म्हणाला आणि आशेने तिच्या तोंडाकडे बघत बसला.

किनुएचा हात पेल्यापाशी थांबला. त्याला कालची ती पिऊन हसवणारी बाई हवी होती. मासायोवर जळून झालं होतं, आता त्या बाईवरही जळायची पाळी आली.

तिने पेला बाजूला सारला. "आज मी अशीच बसणार. चालत असेल तर बसा."

त्यानेही आपला पेला बाजूला ठेवला. "न पिता काय बोलायचं तेच मला कळत नाही गं," तोकुजी म्हणाला.

"मलाही नाही कळत," किनुए म्हणाली. "पण बसा."