सीताफळाच्या बिया

मांडवगण फराट्यात कुठल्याही पोरीच्या डोक्यात उवा झाल्या की आई तिला धरून थेट पुतळाबाईच्या ओट्यावर आणायची. पुतळाबाई सीताफळाच्या वाळल्या बिया पाट्यावर बारीक वाटायची, खोबरेल तेलात कालवून डोक्याला चोपडायची. पण बाई मोठी खमकी! कपाळाला फडकं आवळल्याशिवाय बोट लावायची नाही, आणि धुतानाही पोरीचं डोकं मागं झुकवूनच धुवायची. "बी विषारी असतंय गं भवाने, डोळं मीट!" असं खेकसायची. चाळीस वर्षांत एकीलाही इजा झाली नाही.

आणि झाली ती नेमकी सख्ख्या नातीला. नऊ वर्षांच्या पिंकीला लेप लावून बसवली होती, तेवढ्यात रांजणगावहून कंपनीची बस आली. "मम्मी आली!" म्हणत पोरगी उठली. आईपुढं असं बरबटलेलं डोकं नको, म्हणून फडकं सोडून नळाखाली ओणवी झाली. लेप सगळा डोळ्यांत उतरला. केवढ्यानं किंचाळली ती!

बसमधून उतरलेली सून सुलक्षणा धावत आली, तांब्या घेऊन पाणी मारायला लागली. पुतळाबाईनं तिच्या हातातला तांब्या हिसकावला. "पाण्यानं इख पसरतंय. गप ऱ्हा, तुला काय कळतंय त्यातलं?" पुतळाबाईला तिच्या सासूनं शिकवलेलं तेच खरं! तिनं दोन्ही डोळ्यांत गाईचं तूप घातलं, वर पट्टी बांधली.

"आत्याबाई, दवाखान्यात नेऊ या."

"सकाळपतुर उतरंल."

उतरतंय कसलं? सकाळी पापण्या टम्म सुजलेल्या, उघडता उघडेनात. शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी पहिलं हेच विचारलं, "पाण्यानं किती वेळ धुतले?" सुलक्षणानं सासूकडं पाहिलं. पुतळाबाईलाच सांगावं लागलं. "अहो आजी, लगेच अर्धा तास नुसतं पाणी मारायला हवं होतं," बाई म्हणाल्या. दोन्ही बुबुळांना जखम झाली होती. उजवा डोळा सुधारेल, डाव्याचं आत्ताच सांगता येत नाही म्हणाल्या.

सुलक्षणा एक शब्द बोलली नाही. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं म्हातारीला वाटत राहिलं.

घरी दर तासाला डोळ्यांत थेंब घालायचे होते. पण आई बाटली घेऊन जवळ आली की पिंकी तोंड फिरवायची, हातपाय झाडायची.

"मम्मी नको. आजी घालंल. तिला औषधातलं समदं कळतंय."

सुलक्षणानं बाटली सासूच्या हातात दिली. पिंकी चाचपडत आली आणि आजीच्या मांडीवर डोकं ठेवून निवांत पडली.